बोलू न शकणाऱ्या बाळाची नजर कशी मोजतात : जळगावातील व्हीईपी तपासणीचा अभिप्राय

मूल बोलू लागण्याआधी त्याला किती दिसते हे ठरवणे नेत्रवैद्यकातील अवघड कामांपैकी एक आहे. मोठ्या माणसाला ६ मीटरवरचा तक्ता वाचायला सांगता येतो, अक्षरओळख नसलेल्याला उलटसुलट 'ई'ची दिशा बोटाने दाखवायला सांगता येते; पण ७ महिन्यांची मुलगी आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नसेल, खुळखुळा वाजवला तर मान वळवत असेल आणि न वाजवता नुसता पुढे धरला तर वळवत नसेल, तर तिला विचारायचे कसे? अशा वेळी डॉक्टर जी तपासणी लिहून देतात ती 'व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल', म्हणजेच व्हीईपी. माझी धाकटी बहीण शहाद्याला असते. तिच्या मुलीसाठी ही तपासणी सांगितली गेली आणि ती जळगावातील एका खासगी केंद्रात झाली. त्या केंद्राच्या कामाचा हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या तपासणीचा दर्जा पाटीवरच्या नावावरून कळत नाही. ती कशी केली जाते आणि अहवालात काय लिहिले जाते, यावरून कळतो. मी अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे यंत्राकडे आणि मोजमापाकडे माझे लक्ष जरा अधिक गेले असेल.

तपासणीचे तत्त्व थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे गुणदोष समजणार नाहीत. डोळ्यासमोर काही बदलले की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून निघालेला संदेश डोळ्याच्या नसेतून मेंदूच्या मागच्या टोकाशी असलेल्या दृष्टिकेंद्रापर्यंत जातो आणि तेथे विजेची बारीकशी हालचाल होते. डोक्याच्या मागच्या बाजूला, कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या किंचित वर, एक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारा धातूचा छोटा तुकडा, लावला तर ती हालचाल बाहेरून टिपता येते. तिची उंची बहुधा १० ते २० मायक्रोव्होल्टच्या आसपास असते आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. मेंदूची स्वतःची अखंड चाललेली विद्युत हालचाल याहून बरीच मोठी असते, त्यामुळे एका वेळच्या नोंदीत हा प्रतिसाद दिसतच नाही. त्यासाठी तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवून प्रत्येक वेळची नोंद एकमेकींवर ठेवून सरासरी काढतात. दृश्याशी बांधलेला प्रतिसाद दर वेळी त्याच क्षणी येतो म्हणून सरासरीत टिकतो, तर बाकीचा गोंगाट कधी वर, कधी खाली असल्याने परस्परांना खोडून काढतो. गोंगाट नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ६४ नोंदी घेतल्या तर तो आठव्या हिश्श्यावर येतो.

मेंदूची वीज माणसाच्या कवटीवरून प्रथम टिपली ती जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. त्यांनी ती प्रसिद्ध केली १९२९ मध्ये. डोळे मिटल्यावर उमटणारी लय डोळे उघडताच मावळते, हे त्यांच्याच लक्षात आले होते. सरासरीची युक्ती मात्र त्यानंतर बरीच वर्षांनी आली. लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी १९५१ साली अशा नोंदींची बेरीज करणारे यंत्र दाखवले. दवाखान्यात या तपासणीला खरे स्थान मिळाले ते १९७२ मध्ये, जेव्हा हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मुशिन यांनी डोळ्याच्या नसेच्या दाहात हा प्रतिसाद उशिरा येतो आणि नजर सुधारल्यावरही तो उशीर बहुधा राहून जातो, हे 'लॅन्सेट'मध्ये मांडले. आजही मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या संशयात, क्षयावरच्या एथाम्ब्युटॉल या औषधाचा नसेवर परिणाम झाला आहे का हे पाहताना, आणि ज्यांना स्वतःच्या नजरेविषयी सांगता येत नाही अशांसाठी ही तपासणी होते.

आमच्या या भाचीची व्हीईपी जळगावच्या आधी दुसऱ्या शहरातील एका ठिकाणी झाली होती. तेथे मुलीला झोपेचे औषध पाजले गेले, मिटलेल्या डोळ्यांवर लाल दिव्यांचा गॉगल चढवला गेला, काही मिनिटे दिवे लुकलुकले आणि एका ओळीचा अहवाल हाती पडला : दोन्ही डोळ्यांचे प्रतिसाद आढळले, व्हीईपी नॉर्मल. बहिणीच्या घरी त्या ओळीने मोठा दिलासा मिळाला, आणि मला वाटते की नेमके तेच चुकीचे झाले. लुकलुकणाऱ्या प्रकाशाची तपासणी निरुपयोगी नाही. जिथे मोतीबिंदूने बाहुली पूर्ण झाकली आहे किंवा बाळ एका ठिकाणी पाहतच नाही तिथे तिच्यावाचून इलाज नसतो. परंतु ती फक्त एवढेच सांगते की प्रकाश आल्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचते. आकार दिसतो का, किती बारीक आकार दिसतो, याविषयी ती काहीही सांगत नाही, शिवाय निरोगी माणसांतही या प्रतिसादाचा आकार एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. मिटलेल्या पापण्यांतून गेलेल्या लाल उजेडावरून 'नॉर्मल' हा शब्द लिहिणे आणि तो आई-बापांनी 'पोरीला दिसते' असा वाचणे, या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते भरून काढण्याची जबाबदारी अहवाल देणाऱ्याची असते.

नंदुरबारच्या बालरोगतज्ज्ञांनी आलेख पाहून पॅटर्न व्हीईपी करून घ्या असे सांगितले. त्यात बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी पडद्यावर असतात आणि त्या दर सेकंदाला दोनदा आपसांत जागा बदलतात : काळी होती ती पांढरी, पांढरी होती ती काळी. पडद्याचा एकूण उजेड तेवढाच राहतो, त्यामुळे मेंदूने प्रतिसाद दिला तर तो चौकटींच्या कडा दिसल्यामुळेच दिलेला असतो. प्रौढांमध्ये या बदलानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी आलेखात एक ठळक शिखर येते. त्याला पी १०० म्हणतात. बाळांमध्ये ते उशिरा येते आणि वय वाढेल तसे लवकर येऊ लागते. मोठ्या चौकटींसाठी ते पहिल्या वर्षातच प्रौढांच्या जवळ पोहोचते, तर बारीक चौकटींसाठी त्याला आणखी बराच अवधी लागतो.

जळगावच्या केंद्राचा पहिला चांगला अनुभव फोनवरच आला. वेळ देताना तेथील तंत्रज्ञ बाईंनी स्वतः बोलून सूचना दिल्या : मुलीला झोपेचे औषध अजिबात पाजू नये, ती ज्या वेळी पोटभर दूध पिऊन जागी आणि खेळकर असते ती वेळ सांगावी, त्याप्रमाणे क्रमांक ठेवू, आदल्या दिवशी डोके धुवावे आणि त्यानंतर टाळूला तेल घालू नये. ही शेवटची सूचना खानदेशात वाटते तेवढी सोपी नाही. बाळाची टाळू भरल्याशिवाय त्याला न्हाणीतून बाहेर न आणणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि बहिणीच्या सासूबाईंनी प्रवासाच्या दिवशी तर तेल हवेच असा आग्रह धरला होता. तेलामुळे इलेक्ट्रोड त्वचेला नीट लागत नाही आणि नोंद खराब होते, हे तंत्रज्ञ बाईंनी त्यांना फोनवरच समजावले तेव्हा कुठे त्या थांबल्या. याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारली गेली : मुलीची बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, त्याच दिवशी आहे का? जन्मतः उशिरा रडलेल्या बाळांना या दोन्ही तपासण्या एकत्र लिहून दिल्या जातात, आणि घोटाळा असा की बेराला बाळ झोपलेले लागते तर पॅटर्न व्हीईपीला जागे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच झोपेत उरकतात, म्हणून व्हीईपी गॉगलवर येऊन थांबते. येथे व्हीईपी आधी, मग दूध आणि औषध, मग बेरा असा क्रम लावून दिला होता. शहाद्याहून दूधपित्या लेकरासह येणाऱ्यांसाठी ही व्यवस्था फार मोलाची आहे.

प्रत्यक्ष तपासणीतील इलेक्ट्रोड लावण्याचा भाग मी जवळून पाहिला, आणि या केंद्राला मी चांगले म्हणतो ते प्रामुख्याने त्यासाठी. बाईंनी प्रथम मापाच्या फितीने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजले आणि त्याच्या एकदशांश एवढे वर येऊन रंगीत पेन्सिलीने ठिपका केला. फणीच्या टोकाने तेथले जावळ दोन बाजूंना सारले, कापसाच्या काडीवर खरखरीत जेल घेऊन तेवढीच जागा हलकेच घासली, वाटीसारख्या छोट्या इलेक्ट्रोडमध्ये पेस्ट भरून तो टेकवला आणि वरून गॉजचा तुकडा दाबला. दुसरा इलेक्ट्रोड कपाळाच्या वरच्या भागात, तिसरा अर्थिंगचा. मग त्यांनी यंत्रावर प्रत्येकाचा विद्युत अडथळा पाहिला. मागच्या इलेक्ट्रोडचा आकडा २० किलोओहमच्या वर होता. मुलगी कुरकुरायला लागली होती, बाहेर रांग होती, आणि तेवढ्यावर नोंद सुरू करणे कोणालाही सहज शक्य होते. बाईंनी तो काढला, पुन्हा घासले, पुन्हा लावला, आणि आकडा ५ च्या खाली आल्यावरच पुढे गेल्या. तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हीच मर्यादा दिलेली आहे. सासूबाईंनी मध्येच काळजीने विचारले, "पोरले दिखस ना?" त्यावर बाईंनी हातातले काम न थांबवता सांगितले, "आजी, ते अजून मशीनलाही ठाऊक नाही. आधी नोंद नीट होऊ द्या, मग डॉक्टर सांगतील." खोटा धीर न देण्याचे हे सौजन्य मला फार आवडले.

पडद्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मानकाप्रमाणे दोन मापांच्या चौकटी दाखवायच्या असतात : एक मोठी, जिची बाजू डोळ्याशी १ अंशाचा म्हणजे ६० कलांचा कोन करते, आणि एक लहान, १५ कलांची. हा कोन चौकटीच्या आकारावर आणि डोळा पडद्यापासून किती दूर आहे यावर, अशा दोन्हींवर अवलंबून असतो. १ मीटर अंतरावर १ अंश म्हणजे सुमारे पावणेदोन सेंटिमीटर आणि १५ कला म्हणजे साडेचार मिलिमीटरांच्या आत. माझ्याकडे पट्टी होती. परवानगी घेऊन मी पडद्यावरची मोठी चौकट मोजली, ती बरोबर निघाली. आईच्या खुर्चीसाठी फरशीवर पट्टी चिकटवून खूण केली होती आणि बाळाच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर फितीने मोजले गेले. ही बारीकसारीक बाब नाही. मुलीला घेऊन आई पुढे वाकली आणि अंतर अर्धे झाले तर चौकट कोनाच्या हिशेबात दुप्पट मोठी होते, आणि मग अहवालात लिहिलेल्या १५ कलांना काही अर्थ राहत नाही.

नोंद सुरू झाल्यावर खरी कसोटी असते ती बाळाच्या लक्षाची. पडद्याच्या मध्यभागाकडे पाहणे आवश्यक असते, कारण नजरेच्या मध्यावरचा बारीक दिसण्याचा भाग मेंदूच्या नेमक्या मागच्या टोकाशी, इलेक्ट्रोडच्या खालीच, पसरलेला असतो; बाळाने बाजूला पाहिले की प्रतिसाद आपोआप लहान होतो आणि न दिसण्याचा आभास होतो. येथे पडद्याच्या मागे एक मदतनीस मुलगी बसली होती. तिच्या हातात पितळी घुंगरू होते आणि ते ती पडद्याच्या बरोबर मध्यावर वाजवत असे. तंत्रज्ञ बाईंच्या बोटाशी एक बटण होते. मुलीची नजर हलली की नोंद थांबायची, परत आली की सुरू व्हायची. दर सेकंदाला दोन बदल या हिशेबाने ६४ नोंदींना अर्ध्या मिनिटाच्या थोडे वर लागायला हवे. मुलीच्या एका संचाला त्याच्या कित्येक पट वेळ लागला आणि कोणीही घाई केली नाही. प्रत्येक संच पुन्हा घेतला गेला आणि दोन आलेख एकमेकांवर ठेवून ते जुळतात का हे पाहिले गेले. जुळले नाहीत तेव्हा तिसरा घेतला. आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून, मग एकेक डोळा पट्टीने झाकून तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत शिरण्यापूर्वी एकत्र येतात आणि निम्मे तंतू बाजू बदलतात, त्यामुळे एका नसेतला दोष शोधायचा तर एका वेळी एकच डोळा उघडा लागतो. डावा डोळा उघडा असताना मुलगी रडू लागली आणि तो संच अपुरा राहिला. अहवालात तो 'अपुरा' असाच नोंदवला आहे. त्याला 'असामान्य' म्हटलेले नाही.

येथे आपल्या हवामानाचा एक मुद्दा सांगतो. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि घामामुळे इलेक्ट्रोडखाली मंद लाटा उठून आलेखाची रेषाच वरखाली तरंगू लागते. खोलीत वातानुकूलन होते, पण उन्हातून आलेल्या मुलीला आत थोडा वेळ बसवून, घाम सुकल्यावरच सुरुवात केली गेली. पंख्याची आणि विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत शिरते, म्हणून भिंतीवरचा पंखा बंद ठेवला होता आणि आमचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले होते. मध्ये एकदा वीज गेली आणि सगळे इन्व्हर्टरवर गेले, तेव्हा आलेखात जाड झालर दिसू लागली. तो संच टाकून देण्यात आला. हे चांगलेच झाले, पण ज्या शहरात वीज जाणे नवलाचे नाही तिथे अशा खोलीसाठी स्वतंत्र अर्थिंग आणि शुद्ध लहरीचा वीजपुरवठा हवा. केंद्राने तेवढा खर्च करायला हरकत नाही.

आता अहवालाविषयी. त्यात तपासणीच्या अटी लिहिलेल्या होत्या : चौकटींची मापे, अंतर, बदलाचा वेग, किती नोंदींची सरासरी, कोणत्या संचात बाळाचे लक्ष चांगले होते आणि कोणत्यात नव्हते. ६० कलांच्या चौकटींना दोन्ही डोळे उघडे असताना प्रतिसाद मिळाला, दोन्ही वेळा तोच मिळाला, परंतु शिखर १४२ मिलिसेकंदांवर, म्हणजे वयाच्या मानाने उशिरा, आणि उंची कमी. १५ कलांच्या चौकटींना गोंगाटापासून वेगळा ओळखता येईल असा प्रतिसाद सापडला नाही. निरोगी बाळात या वयाला तो अपेक्षित असतो. दोन पानांवर आलेख छापलेले होते आणि दोन वेळच्या रेषा एकमेकींवर दिसत होत्या, त्यामुळे दुसरा डॉक्टरही स्वतः मत बनवू शकेल. गॉगलच्या 'नॉर्मल' शब्दाने जे झाकले गेले होते ते येथे उघड झाले : मुलीच्या मेंदूपर्यंत आकार पोहोचतो, पण ठळक आणि मोठाच, आणि तोही सावकाश.

या अहवालात एक मोठी उणीव होती. आकड्यांच्या शेजारी यंत्राने आपोआप छापलेला 'सामान्य मर्यादा' हा रकाना प्रौढांचा होता. डॉक्टरांनी त्यावर पेनाने रेघ मारून बाळांच्या मर्यादेविषयी शेरा लिहिला होता, म्हणून गैरसमज टळला. पण ज्या दिवशी ते घाईत असतील त्या दिवशी काय होईल? तपासणीचे मानक असे सांगते की प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या यंत्रावर, आपल्या पडद्यावर, निरोगी व्यक्तींच्या नोंदी घेऊन स्वतःच्या मर्यादा ठरवाव्यात. हा नुसता आदर्श नाही. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांऐवजी आता सपाट एलसीडी पडदे आले आहेत आणि त्यांच्यावर चित्र बदलायला किंचित वेळ लागतो, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मी विचारले तेव्हा मोठ्यांच्या स्वतःच्या नोंदी केंद्राकडे आहेत असे कळले. बाळांच्या अजून फार थोड्या आहेत. लसीकरणाला येणाऱ्या निरोगी बाळांच्या पालकांची संमती घेऊन हे काम जळगावातच होऊ शकते, आणि झाले तर त्याचा उपयोग धुळे-नंदुरबारच्या केंद्रांनाही होईल.

दुसरी मर्यादा केंद्राची म्हणण्यापेक्षा या पद्धतीची आहे, आणि ती पालकांना कोणी समजावून सांगत नाही. १५ कलांची चौकट आपल्याला लहान वाटते, परंतु ६/६ च्या, म्हणजे निरोगी नजरेला वाचता येणाऱ्या, अक्षरातील रेघेची जाडी १ कला असते. म्हणजे १५ कलांना उत्तम प्रतिसाद आला तरी त्यावरून नजर ६/६ आहे असे म्हणता येत नाही. ती चौकट दिसायला ६/६० च्या आसपासची कमजोर नजरही पुरते. नजर किती आहे हे आकड्यात काढायचे तर आणखी बारीक बारीक आकृत्या दाखवत जाऊन प्रतिसाद कोठे मावळतो ते शोधावे लागते. त्यासाठी स्वीप व्हीईपी नावाची पद्धत आहे : काही सेकंदांतच आकृती जाड पट्ट्यांपासून बारीक पट्ट्यांपर्यंत बदलत जाते आणि प्रतिसादाची उतरती रेषा शून्याला जिथे मिळेल तिथे दृष्टीची सीमा धरली जाते. सॅन फ्रान्सिस्कोचे नॉर्सिया आणि टायलर यांनी १९८५ मध्ये या पद्धतीने बाळांची दृष्टी मोजली तेव्हा पहिल्या महिन्यात ती सरासरी ४.५ पट्टीजोड्या प्रतिअंश (एका अंशात मावणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या) आणि आठव्या महिन्यानंतर सुमारे २० निघाली. ६/६ म्हणजे ३०. बाळांना वागणुकीवरून वाटते त्याहून अधिक दिसते, हे या कामाने पुढे आणले. जळगावच्या केंद्रात ही सोय नाही, आणि तसे त्यांनी विचारताच स्पष्ट सांगितले.

आणि आकडा मिळाला तरी तो दृष्टिकेंद्राच्या दारापर्यंत पोहोचलेल्या संदेशाचा असतो. त्या संदेशातून आईचा चेहरा ओळखणे, गर्दीतून खेळणे शोधणे, हात पुढे करणे हे मेंदूच्या इतर भागांचे काम आहे. जन्मतः प्राणवायू कमी पडलेल्या बाळांत डोळा आणि नस ठणठणीत असूनही हे पुढचे काम अडते आणि व्हीईपी तरीही बरी येऊ शकते. उलट, प्रतिसाद न मिळणे म्हणजे आंधळेपणा असेही धरता येत नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञाने केलेली डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी, बाळाच्या वागण्याचे निरीक्षण आणि गरजेप्रमाणे एमआरआय, या सगळ्यांबरोबर हा आलेख वाचावा लागतो. केंद्राच्या डॉक्टरांनी हे बहिणीला सांगितले, पण फार थोड्या वेळात आणि अर्ध्याहून अधिक इंग्रजीत. बहीण पदवीधर आहे, तरी बाहेर आल्यावर तिने मलाच विचारले, "दादा, म्हणजे हिला दिसतं की नाही?" चार वाक्यांचे मराठी टिपण अहवालाला जोडले असते तर हा प्रश्न आतच विचारला गेला असता आणि उत्तर जाणकाराकडून मिळाले असते. इतक्या मन लावून केलेल्या तपासणीच्या शेवटी एवढी घाई व्हावी याची मला मनापासून खंत वाटते.

शुल्क एमआरआयच्या मानाने बरेच कमी आहे आणि पावती मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर जी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत तेथून मुलांना योग्य ठिकाणी पाठवले जाते, त्यामुळे ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी आधी तेथे जावे. अक्कलकुवा-धडगावकडच्या पालकांनी तर घरून निघण्यापूर्वी फोन करून ती पॅटर्न तपासणी आहे की नुसता गॉगल, हे विचारून घ्यावे. एवढ्या लांबून येऊन मुलाला झोपवून परत पाठवले गेले तर तो प्रवास वाया जातो. साध्या चष्म्याच्या नंबरासाठी किंवा बोलत्या-वाचत्या मुलाच्या नजरेसाठी ही तपासणी करून घेण्याचे कारण नाही. ज्यांना चष्मा आहे त्यांनी मात्र तो न विसरता न्यावा आणि त्या दिवशी डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून घेऊ नयेत, कारण चौकटी धूसर दिसल्या तर आलेख नसेचा दोष दाखवतो आणि खरा दोष फोकसचा असतो.

आमच्या मुलीला ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्या, अंधाऱ्या खोलीत एकच उजळ खेळणे आणि दर वेळी एकाच बाजूने हळू हलवलेली वस्तू, असा व्यायाम सुरू झाला आहे. पुढची नोंद ती वर्षाची झाल्यावर घ्यायची आहे आणि ती याच केंद्रात, याच पडद्यावर, कारण मिलिसेकंदांची तुलना त्याच यंत्रावर खरी ठरते. ६० आणि १५ कलांच्या मध्ये ३० कलांची चौकटही दाखवावी, म्हणजे सुधारणा झाली असल्यास ती या मोठ्या अंतरात हरवणार नाही, ही विनंती मी केली. तंत्रज्ञ बाईंनी ती मुलीच्या कागदावर तेव्हाच लिहून ठेवली.